संयुक्त की सामाईक? मॉरिशस-सेशेल्सच्या समुद्रतळाचे नाव

प्रश्न असा आहे: मॉरिशस आणि सेशेल्स या शेजारी बेटराष्ट्रांनी समुद्रतळाचा एक मोठा पट्टा मिळून सांभाळायचा करार केला आहे. त्यातल्या ‘जॉइंट मॅनेजमेंट एरिया’साठी मराठीत ‘संयुक्त’ घ्यावे की ‘सामाईक’? आणि सामाईक, समाईक, सामायिक यांतले कोणते लिहावे?

दोन्ही शब्द लागतील, पण वेगवेगळ्या जागी. ‘संयुक्त’ हे विशेषण काम करणाऱ्यांकडे पाहते: दोघे मिळून ते करतात. ‘सामाईक’ वस्तूकडे पाहते: ती दोघांची आहे आणि तिची वाटणी झालेली नाही. म्हणून गस्त, निवेदन, लष्करी सराव हे संयुक्त. विहीर, बांध, जिना, भिंत हे सामाईक. ‘संयुक्त विहीर’ किंवा ‘सामाईक गस्त’ म्हणून पाहा, कानाला लगेच खटकते. ‘खाते’ या एकाच शब्दाला तर दोन्ही विशेषणे लागतात. बँकेतले खाते संयुक्त, कारण तिथे व्यवहार कोणी चालवायचा आणि सही कोणाची चालायची हे महत्त्वाचे. सातबाऱ्यावरचे खाते सामाईक, कारण तिथे जमीन अनेकांची असून सरसनिरस (जमिनीचा कस पाहून) वाटप व्हायचे आहे.

आता मूळ करार पाहू. या दोन देशांनी आपापल्या २०० सागरी मैलांच्या (सुमारे ३७० किमी) क्षेत्रांमधली हद्द जुलै २००८मध्ये ठरवली. त्यापलीकडे मॅस्करीन या समुद्राखालच्या पठाराचा तळ दोघांच्याही बाजूने पुढे सरकत गेलेला आहे. त्यावर परस्परविरोधी दावे न लावता त्यांनी डिसेंबर २००८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भूखंडमंच (जमिनीचा समुद्राखाली पुढे गेलेला भाग) सीमा आयोगाकडे एकच संयुक्त दावा दाखल केला. मार्च २०११मध्ये आयोगाची शिफारस आली आणि १३ मार्च २०१२ रोजी दोन करार झाले: एक सार्वभौम हक्क मिळून बजावण्याचा, दुसरा व्यवस्थापनाचा. क्षेत्र सुमारे ३,९६,००० चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या (३,०७,७१३ चौ. किमी) सव्वापटीहून जास्त. मधे रेघ मारलेली नाही. मिळणारे उत्पन्न मात्र निम्मे-निम्मे. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचे तर आणेवारी आठ-आठ आणे लागली आहे, पण गट फुटलेला नाही. शेजाऱ्यांनी हद्दीवरून भांडत बसण्यापेक्षा हा मार्ग काढला, आणि तो सांगायला ‘सामाईक’इतका नेमका शब्द मराठीत दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा क्षेत्राचे अधिकृत नाव लिहिताना ‘संयुक्त व्यवस्थापन क्षेत्र’ योग्यच, कारण तिथे विशेषण व्यवस्थापनाला लागते. दावाही संयुक्त. पण ज्याचे व्यवस्थापन करायचे तो भूखंडमंच सामाईक. वाक्य असे करावे: ‘मॉरिशस आणि सेशेल्स यांच्या सामाईक भूखंडमंचाचे व्यवस्थापन संयुक्त आयोग पाहतो.’ हीच विशेषणे उलटी लावून पाहिली की फरक कळतो: ‘सामाईक आयोग’ म्हटले की आयोगच दोघांच्या मालकीची वस्तू वाटू लागतो.

खरी चूक ‘क्षेत्र’च्या आधी काय घालतो तिथे होते. ‘संयुक्त सागरी क्षेत्र’ किंवा ‘संयुक्त आर्थिक क्षेत्र’ असे लिहिले की वाचक मासेमारीही त्यातच धरतो. ते चूक आहे. करार समुद्रतळ आणि त्याखालच्या थरांपुरता आहे. वरचे पाणी खुला समुद्र आहे, कोणाच्याही मालकीचे नाही. साया दे माल्हा हा समुद्रगवताच्या कुरणांचा विस्तीर्ण उथळ भाग बहुतांश याच क्षेत्रात येतो. तिथल्या पाण्यात पोहणारा कुपा (ट्यूना) या कराराखाली येत नाही. तळाला चिकटून राहणारी समुद्रकाकडी मात्र तळाबरोबरच मोजली जाते. म्हणून ‘समुद्रतळ’ किंवा ‘भूखंडमंच’ हा शब्द मथळ्यातून गाळू नये. शाळेच्या भूगोलातला भूखंडमंच साधारण २०० मीटर खोलीपर्यंत संपतो. कायद्यातला त्यापुढचा उतारही धरतो, ही खूणगाठ बांधून ठेवावी. ‘समुद्रबूड जमीन’ हे जुने नाव मला अधिक आवडते, पण कायद्याच्या मजकुरात त्याने गोंधळ वाढेल.

२०० मैलांच्या पट्ट्याला ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’ म्हणावे. बातम्यांत सर्रास दिसणारे ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हणजे ‘सेझ’, कारखान्यांसाठीची सवलतीची जमीन. समुद्राच्या बातमीत ते आले की वाचकाच्या डोळ्यांपुढे पत्र्याच्या शेड उभ्या राहतात.

राहिले लेखन. तिन्ही रूपे छापलेली आढळतात. महाराष्ट्राच्या सरकारी वापरात ‘सामाईक’ रुळले आहे (सामाईक प्रवेश परीक्षा), तेच घ्यावे. ‘सामायिक’ हे जैन साधनेतल्या ४८ मिनिटांच्या व्रताचेही नाव आहे, तिथे मात्र ‘य’ हवाच. ‘सामयिक’ हा शब्द वेगळा. तो समयाशी, म्हणजे काळाशी निगडित आहे, आणि मुद्रितशोधकाच्या हातून ‘सामायिक’चा ‘सामयिक’ होतो तेव्हा अख्खा अर्थ बदलतो. देशाचे नाव ‘सेशेल्स’ लिहावे. ‘सेचेल्स’ हे नुसते इंग्रजी अक्षरे पाहून केलेले रूप आहे.