दुःखाच्या कथेत विनोद आला तर कथा हलकी होते का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कथेतली आजी शेवटच्या आजारपणात तरुण डॉक्टरला स्थळं सुचवते, आणि मैत्रिणी म्हणतात हे काढ, वाचक हसला की कथा हलकी होते. हाच सल्ला मी एकदा मानला होता, म्हणून लिहितोय.

माझे बाबा ठाणे परिवहनच्या बसवर कंडक्टर. बरीच वर्षं स्टेशन ते लोकमान्यनगर. शेवटी हॉस्पिटलात होते, शुद्ध येऊन-जाऊन. उजव्या हाताचा अंगठा चादरीच्या कडेवर सारखा फिरायचा, गठ्ठ्यातलं तिकीट सुटं करताना फिरतो तसा. नवव्या दिवशी कळव्याची आत्या, तिची मुलं, चाळीतले दोघं असे सगळे एकदम आले आणि दारातच अडले. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "पुढे सरका, आत जागा आहे." आणि सगळे खरंच सरकले. आत्या तर पर्स पोटाशी धरून सरकली. आई हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. हसता हसताच खाटेचा दांडा धरून रडायला लागली.

वर्षभराने मी यावर कथा लिहिली. एका दिवाळी अंकाने घेतली. संपादकांचा फोन आला, कथा चांगली आहे, पण मरणाच्या प्रसंगाला विनोद शोभत नाही, ते वाक्य गाळू या. पहिलीच कथा छापून येणार होती. मी हो म्हटलं. अंक आईच्या हातात दिला. तिनं दुपारी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ते सरका म्हणाले ते का रे गाळलंस? कंडक्टर होते याची लाज वाटली?"

विनोदाने गांभीर्य जातं म्हणणाऱ्यांनी आमच्या मासुंदा तलावाकाठच्या नाट्यगृहावर कोणाचं नाव आहे ते बघावं. नाव राम गणेश गडकरींचं. ते बाळकराम या नावाने विनोदी लेख लिहायचे, आणि 1919 मध्ये रंगभूमीवर आलेलं, दारूपायी घर बुडण्याचं नाटक 'एकच प्याला'ही त्यांचंच. त्यातल्या आर्य मदिरा मंडळाला, म्हणजे दारुड्यांच्या टोळक्याला, प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि नायक सुधाकर बुडतो तो त्याच संगतीत. ते मंडळ काढलं तर दारूबंदीचं व्याख्यान उरेल. त्या मंडळातला तळीराम गमतीचा आहे म्हणूनच त्याच्या हातचा पेला घ्यावासा वाटतो. हे त्या संपादकांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

विनोद किती घालावा याचं माप माझ्याकडे नाही. बोलतंय कोण तेवढं बघा. लेखकाला कोटी सुचली आणि ती पात्राच्या तोंडी घातली, तर सरळ खोडा. पण बोलणं त्या माणसाच्या जन्मभराच्या कामातून, सवयीतून आलं असेल तर त्याला हात लावू नका. तुमच्या आजीने आयुष्यभर लग्नं जुळवली असतील तर ती डॉक्टरला सोडेल कशाला? फक्त तिचा हा नाद कथेत आधी कुठेतरी दिसू द्या.

हां, आजारी माणसाच्या शरीराची, बरळण्याची थट्टा मात्र नको. ती मला कुठल्याच कथेत खपत नाही. आणि ज्या घरात कोणी हसलंच नाही, तिथे हसू ओढून आणू नका.

माझ्या संग्रहाची मुद्रितं सध्या घरी आली आहेत. ते वाक्य जागेवर आहे, आत्याची पर्सही.