वाचकांचे प्रश्न : ईमचं चर्च, प्लेगची वही आणि फुलांचे फळे

प्रश्न : मुलगी शेफील्डला शिकते. ऑगस्टमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. प्लेगच्या काळात स्वतःला कोंडून घेतलेलं एक गाव तिथून जवळ आहे असं ऐकलं. ते खरं आहे का, आणि तिथे काय पाहावं? (पुणे)

उत्तर : गावाच्या नावाचा उच्चार ‘ईम’. स्पेलिंग पाहून लोक ‘इयाम’ म्हणतात, मग बसमधला चालक गोंधळतो. इंग्लंडच्या डर्बीशर जिल्ह्यातलं हे डोंगराळ खेडं सेंट लॉरेन्स चर्चच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हाताखालचा भाग) येतं.

कोंडून घेतलं हे खरं, पण एका दिवसात नाही आणि सगळ्यांनीही नाही. 1665च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. दमट कापड त्याच्या मदतनिसाने, जॉर्ज विकर्सने, विस्तवापुढे वाळवलं. 7 सप्टेंबरला विकर्सला पुरलं. कापडात पिसवा होत्या, हे तेव्हा कोणाला कळणार? (प्लेगमधला पिसवांचा हात 1898 साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवला. आपल्याकडे मुंबई-पुण्यात तेव्हा प्लेगचाच धुमाकूळ होता.) थंडीत साथ मंदावली. काही सधन कुटुंबं निघून गेली. गावच्या चर्चचे रेक्टर (मुख्य पाळक) विल्यम मॉम्पेसन यांनीही आपली दोन मुलं बाहेर पाठवली. जून 1666मध्ये साथ पुन्हा भडकली तेव्हा गावबंदीचा निर्णय झाला.

निर्णयात तीन गोष्टी होत्या. प्रत्येक घराने आपलं माणूस आपल्याच परड्यात किंवा शेतात पुरायचं, चर्चच्या आवारात नाही. चर्च बंद, उपासना ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, घराघरांत अंतर ठेवून. आणि हद्दीबाहेर कोणी पाऊल टाकायचं नाही. धान्य-सामान हद्दीवर ठेवलं जाई. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्याचे उमराव, अर्ल ऑफ डेव्हनशर यांनीही रसद पाठवली. पैसे हद्दीच्या दगडातल्या भोकांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे.

श्रेय एकट्या मॉम्पेसन यांना देतात, ते आम्हाला अर्धवट वाटतं. ते गावात नवे होते. लोकांचा ओढा आधीच्या पाळकाकडे, थॉमस स्टॅन्लींकडे होता. 1662च्या कायद्याप्रमाणे नवं प्रार्थनापुस्तक मान्य न केलेल्या पाळकांपैकी ते एक, म्हणून पद गेलेलं. एरवी एकमेकांच्या सावलीला उभे न राहणारे हे दोघे एकत्र आले, म्हणून गावाने ऐकलं.

बंदीमुळे शेजारची गावं वाचली असं म्हणतात, ते पटण्याजोगं आहे. गावातल्यांचं काय? 2016च्या एका अभ्यासात उंदरांच्या पिसवांमुळे झालेला संसर्ग फक्त पाव भरला. उरलेला माणसाकडून माणसाला. म्हणजे घराघरांत कोंडलेल्यांना बंदीची किंमत मोजावी लागली. फक्त ऑगस्ट 1666मध्ये 78 जण गेले. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन त्याच महिन्याच्या 25 तारखेला गेली. तिची कबर मात्र चर्चच्या आवारात आहे.

पाहण्याचा क्रम : आधी हॉकहिल रस्त्यावरचं संग्रहालय, मग चर्च. आवारात आठव्या शतकातला दगडी क्रूस आहे. त्याच्या खांबाचा वरचा तुकडा गायब आहे, त्यामुळे तो बुटका दिसतो. दक्षिण भिंतीवर 1775ची सूर्यघडी आहे, तिच्यावर दूरदूरच्या शहरांची नावं कोरली आहेत. पुढे साधारण किलोमीटरभर पूर्वेला रायली कबरी. एलिझाबेथ हॅन्कॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. शेवटी स्टोनी मिडल्टनच्या वाटेवर हद्दीचा दगड. वाट शेतांतून जाते, पावसात निसरडी होते, चपला नकोत. प्लेगची म्हणून पाट्या लावलेली घरं आजही राहती आहेत, खिडकीतून डोकावू नका. आगगाडीने आलात तर ग्रिंडलफोर्ड स्टेशनवर उतरा. तिथून वर चढाव आहे, ज्येष्ठांनी शेफील्डहून बसच घ्यावी.

प्रश्न : ईमच्या प्लेगमधल्या 260 मृत्यूंचा आकडा कुठून आला? आणि पॅरिशच्या नोंदी वाचताना ‘जानेवारी 1665’ दिसतं, म्हणजे प्लेग विकर्सच्या आधीच होता का? (ठाणे)

उत्तर : नाही, हा कॅलेंडरचा चकवा आहे. इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत सरकारी आणि चर्चचं वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे 1 जानेवारी ते 24 मार्चच्या नोंदी मागच्या वर्षात पडतात : वहीतला ‘जानेवारी 1665’ आपल्या हिशेबाने जानेवारी 1666. टिपण करताना ‘1665/66’ असं दोन्ही लिहा. शिवाय त्यांचं कॅलेंडर युरोपातल्या अनेक देशांपेक्षा 10 दिवस मागे होतं. शेवटचा मृत्यू 1 नोव्हेंबर 1666चा मानतात, तो नव्या पद्धतीने 11 नोव्हेंबर.

आकडा दफनांच्या नोंदींवरून आला. 1538 साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला सुरुवात केली. शतकाअखेरीस त्याची वार्षिक नक्कल बिशपकडे पाठवायचा नियम आला. मूळ वहीचं पान फाटलेलं असेल तर आधी ती नक्कल शोधा. डर्बीशर तेव्हा लिचफील्डच्या बिशपच्या हाताखाली असल्याने नकला त्या बाजूला आहेत. जुन्या पॅरिश-वह्यांसाठी मॅटलॉकचं जिल्हा अभिलेखागार.

चूक होते ती इथे : वहीत नाव आणि तारीख असते, रोग सहसा नसतो. त्याच महिन्यांत बाळंतपणात किंवा म्हातारपणाने गेलेलेही त्याच रांगेत. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आणि ‘गावातले किती टक्के गेले’ हे लोकसंख्येवर ठरतं. जुन्या सांगण्यात ती साडेतीनशे, अलीकडचे अंदाज सातशेच्या आसपास. भागाकाराआधी छेद तपासा.

प्रश्न : तिथे विहिरींवर फुलांची चित्रं लावतात म्हणे. आमच्या रांगोळी मंडळाला करून पाहायची आहेत. कृती सांगाल? (कोल्हापूर)

उत्तर : डर्बीशरमधल्या बऱ्याच गावांत ही प्रथा आहे. टिसिंग्टनचं नाव सर्वात मोठं. ईममध्ये ऑगस्टच्या शेवटी करतात. पाळक येऊन आशीर्वाद देतात. चित्र जमिनीवर नसतं, उभं असतं. रांगोळीचा हात इथे कामी येईल, पण रीत वेगळी आहे.

कडेला साधारण इंचभर उंच पट्टी असलेला लाकडी फळा घ्या. आतल्या बाजूने खिळे ठोका. डोकी वर राहू द्या, माती त्यांनाच धरते. फळा तळ्यात किंवा हौदात काही दिवस भिजवा. ही पायरी गाळली तर कोरडं लाकूड मातीतलं पाणी शोषतं आणि दुसऱ्या दिवशी भेगा. चिकणमातीतले खडे काढून पाणी आणि मीठ घालून पायाने तुडवा; मीठ ओल टिकवतं. कणकेइतकी मऊ झाली की फळ्यावर थापून सपाट करा.

चित्र पूर्ण मापाच्या कागदावर काढून मातीवर ठेवा. रेषांवर सुईने भोकं पाडा, कागद उचला. आधी बाह्यरेषा : तिथे अल्डर झाडाची बारीक काळी फळं लावतात, आपल्याकडे मिरी किंवा कॉफीच्या बिया चालतील. मग टिकाऊ माल : शेवाळ, साल, पानं, बिया. पाकळ्या अगदी शेवटी, कारण त्याच आधी सुकतात. आणि पाकळ्या खालून वर लावत जायचं, वरची पाकळी खालचीवर थोडी चढलेली, मंगलोरी कौलांसारखी. उलट लावल्यात तर पाऊस आत शिरून रांगच्या रांग गळते. पाकळी बोटाने हलकेच दाबा. खोल रुतली की काळी पडते. हायड्रेंजिया टिकतं. झेंडू चालेल, गुलाब लवकर मान टाकतो. प्लास्टिक, रंगवलेला भुसा वर्ज्य. चित्र आठवडाभर टिकतं. आपल्या उन्हात सावलीत ठेवून पाण्याचा बारीक फवारा मारावा लागेल.

प्रश्न : हिंदू माणसाला तिथल्या उपासनेत बसता येतं? (पुण्याच्याच ताईंचा पुढचा प्रश्न)

उत्तर : खुशाल. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेगच्या स्मरणार्थ मिरवणूक ककलेट डेल्फपर्यंत जाते, तिच्यात कोणीही चालतं. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस देण्याच्या विधीच्या) वेळी जागेवर बसून राहिलात तरी कोणी वळून पाहत नाही.

प्रश्न : आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. चर्च पूर्वी अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचं) होतं, 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीचे तुकडे पडताहेत. लॅमिनेशन करावं का? (श्रीरामपूर)

उत्तर : मुळीच नको. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागद कायमचा मारतात. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून शाई खाते. वही टेबलावर आडवी ठेवा, खिडकीच्या उजेडात मोबाइल बरोबर वरून धरून मुखपृष्ठापासून प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कोरं पानही सोडू नका. पानक्रमांकाची चिठ्ठी शेजारी दिसू द्या. फोटोंच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. मूळ वही धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवा. जमिनीवरची पत्र्याची पेटी पावसाळ्यात घात करते.

नावांची सूची वेगळ्या वहीत करा. मूळ पानावर दुरुस्ती करू नका, स्पेलिंग चुकीचं दिसलं तरी. बाप्तिस्म्यात नाव बदललेलं असेल तर दोन्ही नावं सूचीत घ्या, नाहीतर नातवंडांना आजोबा सापडत नाहीत. लग्नाची वही हरवली असेल तर आशा सोडू नका : 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाला वर्षातून चार वेळा लग्नांच्या नोंदींच्या नकला आर्चडीकनरीच्या (चर्चच्या प्रशासकीय विभागाच्या) रजिस्ट्रारकडे पाठवाव्या लागत. मुंबई इलाख्याच्या अशा नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत; त्यात बहुतेक नावं युरोपीय आहेत, तरी वर्ष आणि गाव माहीत असेल तर पाहून घ्यावं. जुन्या डायोसीजच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) कार्यालयातही, पाळकसाहेबांचं पत्र घेऊन, एकदा विचारा.