कॉपीराइट येतो, मारतात, काढतात की नुसता असतो?

विचारलंय असं, की "माझ्या व्हिडिओवर कॉपीराइट आला" हे मराठी म्हणून चालतं का, का "लागला" किंवा "बसला" म्हणायला पाहिजे, आणि मुळात कॉपीराइटला प्रताधिकार म्हणायचं की स्वामित्वहक्क. दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो, कारण त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात आणि पहिला तसाच राहून जातो, आणि खरी गंमत पहिल्यातच आहे.

मराठीत आपल्याला काय काय येतं बघा. ताप येतो, राग येतो, नोटीस येते, बिल येतं. आपण काही ठरवलेलं नसताना येऊन आदळणाऱ्या गोष्टी सगळ्या. "कॉपीराइट आला" म्हणणारा कॉपीराइटला याच रांगेत बसवतो, म्हणजे त्याच्या डोक्यात कॉपीराइट हे एक संकट आहे जे कधीही कुणावरही येऊ शकतं. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काहीच खोट नाही, पण अर्थ उलटा झालाय. कॉपीराइट हा हक्क आहे आणि हक्क दुसऱ्यावर येत नाही, तो ज्याचा असतो त्याच्याकडे असतो. तुमच्या व्हिडिओत मागे जी धून वाजते तिच्यावर कुणाचा तरी हक्क तुम्ही व्हिडिओ टाकायच्या आधीपासून होताच ना, तो काय त्या दिवशी उगवला नाही. त्या दिवशी आली ती तक्रार.

आणि ही तक्रार पण दोन वेगवेगळ्या जातीची असते, "कॉपीराइट आला" म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात जातात हा या वाक्याचा खरा तोटा. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे, हक्कदाराने आपली मूळ फाइल तिथे देऊन ठेवायची आणि यंत्रणा प्रत्येक नवीन व्हिडिओ तिच्याशी ताडून बघते, जुळलं की क्लेम. क्लेम झाला म्हणून चॅनलला शिक्षा अशी नसते, हक्कदार ठरवतो की व्हिडिओ अडवायचा, त्यावरचे जाहिरातीचे पैसे आपण घ्यायचे, का नुसतं लक्ष ठेवायचं. स्ट्राइक ही वेगळी गोष्ट. तिथे हक्कदाराने कायद्याने "हे काढा" अशी रीतसर मागणी केलेली असते (अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए कायदा, त्यातली ही पद्धत जगभरच्या साइट्सनी उचलली), आणि ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनलच जाऊ शकतो. आता मला सांगा, कुणी घाबरून विचारलं "कॉपीराइट आलाय काय करू" तर उत्तर देणाऱ्याने कशाचं उत्तर द्यायचं?

क्लेमसाठी आपल्याकडे अगदी तयार प्रयोग आहे, हक्क सांगणे. "त्यांनी माझ्या व्हिडिओवर हक्क सांगितला." हा मला इंग्रजीपेक्षाही सरस वाटतो कारण आपल्या कानाला लगेच कळतं की सांगितलेला हक्क खरा असेलच असं नाही, तो सिद्ध व्हायचाय अजून, म्हणजे तुम्ही हरकत घेऊ शकता. स्ट्राइकला मी ठपका म्हणेन. स्ट्राइक तसाच ठेवला तरी माझी तक्रार नाही, फक्त तो मूळचा बेसबॉलमधला आहे, तिथे तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, आणि आपल्या मागच्या पिढीला स्ट्राइक म्हटलं की संप आठवतो, तेव्हा "माझ्या चॅनलवर स्ट्राइक आहे" ऐकून कुणी "मागण्या काय आहेत?" असं विचारलं तर हसू नका.

"मारला" हे गेमिंगवाल्यांचं. "त्याने मला कॉपीराइट मारला." इथे निदान मारणारा कोण हे कळतं, म्हणून "आला"पेक्षा मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. फक्त मराठीत आधी डल्ला मारतात, आणि तो मारणारा म्हणजे दुसऱ्याचा माल उचलणारा. इथे ज्याचा माल गेला त्यालाच मारणारा करून टाकलंय! भाषा कुणाच्या बाजूने उभी आहे ते यावरून कळतं.

आता "काढणे". "लोगोचा कॉपीराइट काढून घे", "कोड टाकायच्या आधी कॉपीराइट काढ". लायसन काढतात, पासपोर्ट काढतात, दाखला काढतात, म्हणजे ऑफिसात जायचं, फॉर्म भरायचा, मग ती वस्तू हातात येते, तोपर्यंत ती आपली नाही. कॉपीराइटचं तसं नसतं हे अजून फार जणांना पटत नाही. बर्न करार (कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) १८८६ चा, आणि त्यात १९०८ मध्ये जी सुधारणा झाली तेव्हापासून तत्त्व असं की कृती तयार झाली की हक्क आपोआप, नोंदणीची वा कुठल्याही सोपस्काराची अट घालायची नाही. तुम्ही रात्री दोन वाजता लिहिलेली स्क्रिप्ट, ती कितीही रद्दड असो, सेव्ह केली तेव्हाच तुमची झाली. नोंदणी करता येते आणि तिचे फायदेही आहेत (अमेरिकेत तर तिथल्या कृतीसाठी कोर्टात जायचं तर आधी नोंदणी लागते), पण मग म्हणा की कॉपीराइटची नोंदणी केली, कॉपीराइट काढला नव्हे.

पण "काढणे" वापरणारे अगदीच हवेत बोलत नाहीत, कारण अमेरिकेत खरंच सोपस्कार लागायचे. अमेरिका बर्न करारात शिरली ती थेट १ मार्च १९८९ ला, त्याच्या आधी प्रकाशित प्रतीवर कॉपीराइटची सूचना छापणं सक्तीचं होतं, विसरलात तर हक्क गमावलात. याचं ट्रिव्हियावाल्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे १९६८ चा "नाइट ऑफ द लिव्हिंग डेड" हा सिनेमा. कॉपीराइटची ओळ नावाच्या पाटीवरच होती, ऐन वेळी सिनेमाचं नाव बदललं, वितरकाने नवी पाटी केली आणि त्यात ती ओळ गेली. संपला विषय, सिनेमा सगळ्यांचा.

त्या सक्तीचीच आठवण म्हणजे जुन्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर दिसणारं ते "कॉपीराइट, कंसात सी, साल, नाव". आस्की म्हणजे कॉम्प्युटरसाठी अक्षरांना नंबर देणारी जुनी यादी, तिच्या १२८ चिन्हांत वर्तुळातला सी नव्हताच, मग लोक कंसात सी टाइप करायचे, आणि अमेरिकेच्या कायद्याने मान्य केलेली रूपं होती वर्तुळातला सी, "कॉपीराइट" हा अख्खा शब्द किंवा त्याचं एक संक्षिप्त रूप, त्यात कंसातला सी कुठेच नाही. म्हणून शब्दही घाला आणि कंसातला सी पण घाला अशी दुहेरी नाडी बांधायची पद्धत पडली आणि नंतरच्यांनी ती न विचारता कॉपी केली. वर्तुळातला सी पुढच्या वाढीव यादीत १६९ नंबरवर आला, आज जगभर चालणाऱ्या युनिकोड यादीतही तोच नंबर आहे. आपल्या पुस्तकांच्या मागच्या पानावरचं "सर्व हक्क स्वाधीन" हे पण याच कुळातलं. त्याचं इंग्रजी भावंड "ऑल राइट्स रिझर्व्हड" हे १९१० च्या, अमेरिका खंडातल्या देशांच्या ब्यूनोस आयर्स करारातलं, तिथे हक्क राखून ठेवल्याचं लिहावं लागायचं, आणि त्या करारातला शेवटचा देश २००० मध्ये बर्न करारात आल्यावर त्या ओळीचं कायदेशीर काम संपलं. छापतात मात्र अजून सगळे. मला ती ओळ आवडते, तिच्यात क्रियापदच नाही त्यामुळे चुकायला जागा नाही.

आता शब्द. कॉपी या शब्दाचं मराठीत जे झालंय ते आधी लक्षात घ्या, आपल्याकडे कॉपी म्हणजे परीक्षेतली चोरी, कॉपी करताना पकडला, कॉपीमुक्त अभियान वगैरे. म्हणून कॉपीराइट ऐकल्यावर बऱ्याच जणांना तो कॉपीविरोधी पोलीस वाटतो. प्रत्यक्षात लंडनच्या छापखानेवाल्यांच्या संघटनेत, स्टेशनर्स कंपनीत, "कॉपी" म्हणजे वहीत आपल्या नावावर चढवलेला मजकूर आणि तो छापायचा हक्क. त्यांची ती मक्तेदारी मोडून १७१० मध्ये ब्रिटनच्या राणी ॲनच्या कायद्याने हक्क लेखकाकडे दिला, १४ वर्षं, आणि लेखक तोवर जिवंत असला तर आणखी १४. या जुन्या अर्थाला मराठीतला "प्रत" हा शब्द फार जवळचा आहे, हस्तलिखिताची पण प्रत, छापलेल्याची पण प्रत, आणि चोरीचा वास नाही. म्हणून माझं मत प्रताधिकार. संधीवाले म्हणतात प्रति अधिक अधिकार म्हणजे प्रत्यधिकार व्हायला पाहिजे, पण इथे "प्रति" नाहीच, आपली रोजची मराठी "प्रत" आहे, तिचा प्रताधिकारच होणार. हिंदीतला प्रतिलिप्यधिकार एका दमात म्हणून दाखवा, मग बोलू.

स्वामित्वहक्क चूक नाही पण फार ऐसपैस आहे. त्यात जमीनजुमला पण बसतो, शिवाय रॉयल्टीला स्वामित्वधन म्हणतात त्यामुळे पैसे आणि हक्क यांची सरमिसळ होते. त्यात परत पेटंट (एकस्व) आणि ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) हेही स्वामित्वच. लोक म्हणतातच ना "नावाचा कॉपीराइट घेतलाय", नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, तिथे ट्रेडमार्क लागतो. लिनक्सचंच बघा, "लिनक्स" हे नाव ते सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या नावे व्यापारचिन्ह आहे, आणि कर्नलच्या, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या, कोडवरचा प्रताधिकार मात्र ज्या हजारो लोकांनी तो लिहिला त्यांच्यात विखुरलेला. दोन्हीला स्वामित्वहक्क म्हटलं की हा फरक गायब.

कोडवर प्रताधिकार असतो हे आज आपण धरून चालतो, पण ते पण भांडून ठरलंय. फ्रँकलिन कंपनीने ॲपल टू सारखा हुबेहूब कॉम्प्युटर काढला, त्यातले प्रोग्रॅम इतके जसेच्या तसे उचललेले की आत ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव तसंच राहिलेलं. बचाव काय, तर रॉमच्या (प्रोग्रॅम कायमचा कोरून ठेवलेल्या) चिपमधला कोड हा माणसाने वाचायचा मजकूर नाही, तो यंत्राचा भाग. १९८३ मध्ये अपील कोर्टाने ते उडवून लावलं, चिपमधल्या कोडलाही कॉपीराइट लागू होतो म्हणाले. हे क्रियापद ध्यानात ठेवा, लागू होणे. "लागला" म्हणायचंच असेल तर हे "लागू" त्याच्या जवळचं आणि बिनचूक.

संपण्याचं थोडक्यात. प्रताधिकार संपतो, सोडताही येतो, आणि मग कृती पब्लिक डोमेनमध्ये जाते. याला "सार्वजनिक क्षेत्र" लिहितात ते वाचून मला सरकारी कारखाने दिसतात, हक्कमुक्त हा सुटसुटीत आहे. एसक्यूलाइट हा डेटाबेस, जो जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतो, तो असा हक्कमुक्त आहे, त्याच्या फाइलींच्या डोक्यावर कॉपीराइटच्या जागी "तुमच्या हातून चांगलं घडो, वाईट न घडो" अशा अर्थाचा आशीर्वाद लिहिलाय. आणि तरी काही कंपन्यांच्या वकिलांना कागद लागतोच म्हणून ते त्याची हमीपत्रं विकतात! "कॉपीराइट फ्री" म्हणून जे फोटो आणि म्युझिक फिरत असतं ते मात्र बहुतेक वेळा हक्कमुक्त नसतं, रॉयल्टी-फ्री असतं, म्हणजे दर वापरामागे पैसे नाहीत एवढंच, हक्क मालकाकडेच. मोफत, मुक्त आणि हक्कमुक्त हे तीन शब्द आपल्याकडे असताना तिन्हीला "फ्री" म्हणायची हौस मला कळत नाही.

कॉपीलेफ्टचं, म्हणजे "वापरा, बदला, वाटा, पण पुढेही याच अटीवर" या पद्धतीच्या नावाचं, भाषांतर कृपया करू नका. कुणीतरी "वामाधिकार" केलेला वाचलाय, तो तांत्रिक पंथाचा वाटतो. ती निव्वळ शाब्दिक कोटी आहे आणि कोटीचं भाषांतर होत नाही. १९७६ मध्ये ली-चेन वांग यांच्या टायनी बेसिकच्या (बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची छोटी आवृत्ती) कोडवर कॉपीलेफ्ट आणि "सर्व चुका राखीव" अशी टवाळी होती, म्हणजे राइट्सच्या जागी राँग्ज. ज्या वर्षी बिल गेट्स कॉम्प्युटरच्या छंदिष्टांना उघडं पत्र लिहून आमचं बेसिक फुकट वाटता म्हणून झापत होते त्याच वर्षी हे. नंतर डॉन हॉपकिन्स या प्रोग्रॅमरने मुक्त सॉफ्टवेअरवाल्या रिचर्ड स्टॉलमनना पाठवलेल्या पत्रावर "कॉपीलेफ्ट, सर्व हक्क उलटे" अशी ओळ होती, स्टॉलमननी शब्द उचलला, आणि १९८९ मध्ये त्यांचं जीपीएल हे कॉपीलेफ्ट लायसन आलं. गंमत म्हणजे कॉपीलेफ्ट चालतो तो कॉपीराइटच्याच जोरावर, हक्क माझा आहे म्हणूनच मी अट घालू शकतो की बदल करून वाटलंस तर तू पण याच अटीवर वाट. तेव्हा "कॉपीलेफ्ट म्हणजे कॉपीराइट नाही" हे चूक, आहे म्हणून तर जमतं.

लिहिण्याचं म्हणाल तर राइट, ह्रस्व इ. आणि देवनागरीत जाहिराती लिहिणारा तो पण कॉपीराइटर होतो, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं म्हणून घोळ टळतो, आपल्याकडे तेवढा आधार नाही, संदर्भावरून समजून घ्या. लिंगाचं, कॉपीराइट पुल्लिंगी, हक्क पुल्लिंगी म्हणून बहुतेक. क्लेम पण तसाच. लायसन नपुंसक, ते काढलं जातं. स्ट्राइकवर एकमत नाही, "आला" आणि "आली" दोन्ही कानावर पडतं, मी "आला"वाल्यांकडून आहे, पण "आली" म्हणणाऱ्याला मी थांबवत नाही, बिचाऱ्याचा व्हिडिओ आधीच गेलेला असतो.