दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी वाढल्या की गोंधळ होतो. ऑर्डर आणि कुरिअर कसं सांभाळावं?

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर जरूर घ्या, पण ती लगेच एकाच वहीत उतरवा: नाव, पत्ता, पिनकोड, माल, वजन, पैसे आले का, कधी पाठवायचं. चॅट वर सरकली की ऑर्डर हरवते, निम्मा घोळ तिथलाच असतो. रोज संध्याकाळी वहीवरून उद्याची बेरीज करा आणि भाजणी त्याच हिशेबाने दळून आणा.

कुरिअरमध्ये खरा फटका बसतो तो चिवड्यापायी. बऱ्याच कंपन्या आकारमानाचं वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३० सेंटिमीटर असलेल्या खोक्यात दोन किलो चिवडा भरलात तरी बिल ५.४ किलोचं लागू शकतं! म्हणून छोटं खोकं घ्या, नाहीतर उरलेल्या जागेत लाडू, शंकरपाळे बसवा. फराळ पूर्ण गार झाल्यावरच पाकिटं बंद करा. चकली कडक डब्यातच पाठवा, पिशवीत तिचा चुरा होतो.

पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक (अन्नसुरक्षा नोंदणीचा किंवा परवान्याचा) लागतोच. बॅच नंबरही टाका, म्हणजे खवट निघाल्याची तक्रार आली तर नेमका कुठला घाणा ते सापडतं.