कोल्हापुरात गच्चीवर हॉप्स येतील का?

प्रश्न: "घरच्या बिअरसाठी कोल्हापुरात गच्चीवर कुंडीत हॉप्स लावले तर येतील का? वाण कुठलं घ्यावं? सगळे म्हणतात, इथं थंडीच नाही."

येतील. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या बोंडांचा वेल. पण भावा, ते 'थंडीच नाही' ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पानाकडं नुसतं बघून बुरशीचा रोग भुरी आहे की डाऊनी ते सांगणारे तासगावकडचे द्राक्षवालेसुद्धा हेच ऐकवतात, म्हणून आधी तेच घेतो.

दिवस आखूड झाला की हॉप्स फुलतो. जर्मनीत हालरटाऊ या हॉप्सच्या पट्ट्यात जूनचा दिवस 16 तासांचा, त्यामुळं वेल तारेवर उंच चढतो आणि दिवस उतरणीला लागले की फुलतो. आपल्याकडं सगळ्यांत मोठा दिवसच 13 तासांचा. वेलाला वाटतं, हंगाम संपत आला. ठरावीक पेरं झाली की तो कमरेएवढा असतानाच फुलावर येतो, वाढ थांबते आणि मूठभर बोंडं मिळतात. मग लोक थंडीला दोष देऊन मोकळे. थंडी न देताही हॉप्स नीट फुलतो, हे कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2019 च्या शोधनिबंधात दाखवलंय.

तेव्हा दिवस लांबवायचा. पाऊस सरला की ऑक्टोबरात 50 लिटरच्या कुंडीत मादी वेलाच्या राइझोमचा (जमिनीतल्या खोडाचा) वीतभर तुकडा दोन इंच खोल लाव. नुसती काळी माती नको, पाणी धरते आणि मूळ कुजतं. निम्मी माती घे आणि निम्म्यात शेणखत, वाळू आणि कोकोपीट मिसळ. काथ्याची पाच मीटर दोरी, तिच्यावर दोन-तीनच फुटवे, बाकीचे खुडायचे. वेल वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं चढतो. उलटा गुंडाळलास तर सुटून लोंबतो. शेंड्याच्या हातभर वर 12 वॅटचा एलईडी, टायमरवर, अंधार पडायच्या आधीपासून रात्री 11 पर्यंत. वेल वाढेल तसा दिवाही वर न्यायचा. एखाद्या रात्री लाइट गेली तर बिघडत नाही, पण आठवडाभर दिवा बंद राहिला तर फूल धरलंच म्हणून समज. शेंडा दोरीच्या टोकाला पोचला की दिवा बंद.

बोंड दाबून सोडल्यावर कागदासारखं कुरकुरलं, आत पिवळी पूड दिसली की तोड. सावलीत पंख्याखाली वाळव, मधला दांडा काडकन मोडेपर्यंत. मग हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरला. घरच्या बोंडात कडवटपणा देणारं अल्फा ॲसिड किती ते कळत नाही, म्हणून कडवटपणाला बाजारचे पेलेट (दाबलेल्या हॉप्सच्या गोळ्या) घे आणि ही बोंडं उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत वासापुरती टाक. पहिल्या वर्षी फार आशा धरू नकोस.

वाण? कॅस्केड. उष्ण भागात त्यातल्या त्यात तेच टिकतं.

आणि हो, उन्हाळ्यात पानाखाली लाल कोळी बघत जा, पावसात कुंडी छपराखाली ठेव, नाहीतर डाऊनी ठरलेलीच. घरात कुत्रं असेल तर उकळलेला चोथाही त्याच्या तोंडी लागू देऊ नकोस, जीव जाऊ शकतो. वेल लावायला आडकाठी नाही, पण परवान्याशिवाय घरी बिअर करणं 1949 च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, ते तुझं तू बघ.

कुंड्या मात्र दोन लाव. दुसरी पाण्याच्या टाकीमागं, दिव्याचा उजेड पोचणार नाही अशी. थंडी दोघींना एकच मिळेल. फेब्रुवारीत त्या थंडीवाल्यांना गच्चीवर बोलव आणि दोन्ही वेलांची उंची त्यांच्याच हातानं मोजून घे.