नवाश्म, हॅमर आणि अस्मान

प्रश्न असा आला आहे: स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवरच्या प्राचीन वस्त्यांविषयी एका लेखात 'नवअश्मयुगीन' छापले होते, दुसऱ्यात 'नवपाषाणयुगीन'. बरोबर कोणते? आणि तिथे जे दगड गोलाकार उभे आहेत त्यांना मराठीत काय म्हणावे?

पहिल्याचे उत्तर: नवाश्मयुगीन. नव आणि अश्म यांचा संधी होतो. 'जीवअश्म' कोणी लिहीत नाही, सगळे जीवाश्मच लिहितात. मग इथेच दोन शब्द वेगळे का ठेवायचे? मधे रेघ मारून 'नव-अश्मयुग' तर मुळीच लिहू नये. त्याने अर्थच फिरतो. इथे 'नव' हे युगाचे विशेषण नाही, दगडाचे आहे. ब्रिटिश विद्वान जॉन लबकने १८६५ मध्ये निओलिथिक (नवाश्मयुगीन) हा शब्द घडवला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे होती. त्याआधीची हत्यारे नुसत्या ढलप्या काढून केलेली. नव्या तऱ्हेचा अश्म ज्या युगात आला ते नवाश्मयुग. पुढे शेती, पशुपालन आणि कायमची घरे हीच त्या युगाची खरी ओळख ठरली, शब्द मात्र तोच राहिला.

आता जे मला कित्येक वर्षे खटकते आहे ते सांगतो. मागासलेपणाला नावे ठेवायची असली की आपण 'अश्मयुगीन' म्हणतो. अश्मयुगीन विचार, अश्मयुगीन कारभार, अश्मयुगीन रस्ते. असे म्हणणाऱ्याने ऑर्कनीतल्या स्कारा ब्रेची घरे निदान चित्रात तरी पाहावीत. १८५०च्या हिवाळ्यात वादळाने किनाऱ्यावरची वाळू उडवली आणि हे गाव उघडे पडले. इ.स.पू. सुमारे ३१८० ते २५०० या काळात तिथे माणसे राहत होती, म्हणजे गीझाचा मोठा पिरॅमिड बांधला जाण्याच्या कितीतरी आधीपासून. प्रत्येक घराच्या मधोमध चौकोनी चूल. दोन्ही बाजूंना दगडी चौकटीचे पलंग. दारासमोरच्या भिंतीला दगडाचे फडताळ, आत येणाऱ्याची पहिली नजर त्यावरच जावी असे. दार म्हणजे दगडी फळी, आणि ते आतून बंद करायला अडसर. अडसर सरकवायची भोके भिंतीत आजही दिसतात. घराघरांना जोडणारे छप्पर घातलेले बोळ आणि खालून सांडपाण्याची मोरी. त्या बेटांवर झाडे विरळ, पण तिथला दगड फरशीसारखा थराथराने सुटतो, म्हणून सुतारकामसुद्धा दगडात केलेले. ही माणसे अश्मयुगीन होती. त्यांचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो, हे अज्ञान आहे.

जाणकारही फसले आहेत, हे मान्य करतो. 'नवाश्मयुगीन क्रांती' म्हणजे माणूस शेतीकडे वळला तो बदल, ही कल्पना ज्याने रूढ केली त्या पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डनेच १९२०च्या दशकाच्या शेवटी स्कारा ब्रेचे उत्खनन केले, आणि १९३१ मध्ये त्याने ते पिक्ट लोकांचे, म्हणजे इसवी सनानंतरच्या स्कॉटलंडमधल्या लोकांचे, गाव ठरवले. म्हणजे नवाश्मयुग त्याच्या हातात होते आणि त्याला ते हजारो वर्षे अलीकडचे वाटले! अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणाऱ्या कार्बन-१४ पद्धतीने पुढे खरा काळ कळला.

'नवपाषाण' लिहिणाऱ्यांचे म्हणणे असे की पाषाण शब्द ओळखीचा आहे, अश्म जड आहे. मला हे अजिबात पटत नाही. बोलताना आपण दोन्ही वापरत नाही, आपण दगड म्हणतो, धोंडा म्हणतो. शाळकरी मुलाला जीवाश्म कळतो, मुतखड्याला आयुर्वेदात अश्मरी म्हणतात हे पुष्कळांना ठाऊक असते. मग जड काय आहे? पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीच्या संदर्भात 'ताम्रपाषाणयुग' रूढ झाले आहे, ते मोडायला मी सांगणार नाही. पण जिथे अश्म उपलब्ध आहे तिथे तो सोडू नये, कारण त्याच्या पोटात जे आहे ते पाषाणात नाही.

काय आहे ते पाहा. एकाच इंडो-युरोपीय भाषाकुळातले हे सगे शब्द: संस्कृत अश्मन्, लिथुआनियन आकमुओ म्हणजे दगड, ग्रीक आकमोन म्हणजे ऐरण. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, अस्मन् म्हणजे दगड आणि आकाशही, कारण आकाश हा दगडी घुमट आहे अशी ती जुनी कल्पना. तोच शब्द फारसीत आस्मान झाला आणि तिथून आपल्याकडे आला. 'अस्मानी-सुलतानी' म्हणताना आपण अश्माच्या सख्ख्या भावंडाचे नाव घेतो. ऋग्वेदात (२.३०.५) इंद्राला विनवले आहे की 'दिवो अश्मानम्', स्वर्गातला तो अश्म, खाली फेक. म्हणजे अश्म हे आकाशातून येणारे हत्यार.

आणि आता ऑर्कनी. तिथे नवव्या शतकाच्या सुमारास स्कँडिनेव्हियातले नॉर्स लोक स्थायिक झाले, आणि त्यांच्या बोलीची वंशज असलेली नॉर्न ही भाषा तिथे अठराव्या शतकापर्यंत टिकली. नॉर्स भाषेत 'हमर' म्हणजे खडक, सुळका, आणि हातोडाही. ऑर्कनीत ईव्हीजवळ हॅमर्स हिल नावाची टेकडी आहे. हा हमर आणि आपला अश्मन् एकाच मुळाचे आहेत, असे माझे ठाम मत आहे. काही भाषाशास्त्रज्ञ इथे कचरतात. शब्दारंभीचा व्यंजनबदल त्यांना नीट बसत नाही. पण एक गोष्ट ते बाजूला सारतात. नॉर्समध्ये 'हमर' शेजारीच 'हिमिन' म्हणजे आकाश हा शब्द उभा आहे. इराणी शाखेत दगड आणि आकाश एका शब्दात, नॉर्स ज्या जर्मानिक शाखेतली, तिथे दोन जुळ्या शब्दांत. वर इंद्राच्या हातात अश्म आणि नॉर्स देव थॉरच्या हातात हातोडा, दोघेही गडगडाटाचे देव. इतके सगळे योगायोगाने जुळते असे मानायला माझे मन तयार नाही. ध्वनीचा नियम मोठाच, पण अर्थाच्या साक्षीलाही काही वजन द्यावे लागते.

याचा अर्थ स्कारा ब्रेची माणसे इंद्राची किंवा थॉरची भाषा बोलत होती असा कोणी काढू नये. असले लेखही माझ्या वाचनात आले आहेत आणि ते चुकीचे आहेत. त्यांची लिपी नव्हती. नॉर्स आले ते त्यांच्यानंतर तीन हजारांहून जास्त वर्षांनी. बाराव्या शतकात नॉर्स लोक मेसहाऊ या नवाश्मयुगीन थडग्यात शिरले आणि त्यांनी आतल्या भिंतींवर रून या त्यांच्या लिपीत तीसच्या आसपास लेख कोरले. त्याच थडग्याच्या लांबट वाटेतून दक्षिणायनाच्या अखेरीस, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, मावळतीचे ऊन थेट आतल्या भिंतीवर पडते. ज्यांनी ती वाट तशी नेमकी रोखली त्यांचा दगडासाठीचा शब्द लोपला, आणि नंतर आलेल्यांचा शब्द मात्र आपल्या कोशातल्या शब्दाचा नातलग निघतो. मला या गोष्टीचे फार अप्रूप आहे.

दुसरा प्रश्न राहिला. ऑर्कनीतल्या स्टेनेस आणि ब्रॉडगर या ठिकाणी ही वर्तुळे आहेत. स्टेनेसला आज चारच मोठ्या शिला उभ्या आहेत. ब्रॉडगरला मूळच्या साठांपैकी छत्तीस उरल्या आहेत, त्या वर्तुळाचा व्यास १०४ मीटर आणि भोवती खडकात खोदलेला खंदक. यांना शिलावर्तुळ म्हणावे. 'दगडी स्मारक' नको, स्मारक म्हटले की कोणाचे, हे आधी सांगावे लागते. 'हेंज' हा शब्दही मराठीत आणायची गरज नाही. स्टोनहेंज या नावाचे शेपूट तोडून १९३२ मध्ये तो पारिभाषिक शब्द केला गेला, आणि 'खंदकयुक्त शिलावर्तुळ' म्हटले की काम भागते. फक्त एक सांभाळावे. शिलावर्तुळ हा शब्द आपल्याकडे नागपूरजवळच्या जुनापाणीसाठी आधीपासून चालतो. ती लोहयुगातली दफने आहेत, ऑर्कनीच्या वर्तुळांहून हजाराहून जास्त वर्षांनी अलीकडची. तेव्हा ऑर्कनीविषयी लिहिताना पहिल्या उल्लेखाला 'नवाश्मयुगीन शिलावर्तुळ' असे पूर्ण लिहावे, संधी करून.