बिल नसलेल्या पोथ्या दाखल कशा करायच्या?

धर्मविषयक ग्रंथालयात नव्याने रुजू झालात, देणगीत पोथ्यांची पेटी आली आणि बिल नाही म्हणून वरचं कार्यालय दाखलांक (नोंदवहीतला क्रमांक) देऊ देत नाही, हे तुमचं वाचून पोटात कालवलं. सोलापुरातच आमचंही हेच झालं होतं. आधी शेरा आला, किंमत लिहा. मग मूल्यांकनाचा दाखला मागितला. तो कुणाचा चालेल, हे विचारलं तर उत्तरच नाही. फाईल फिरत राहिली, पोथ्या पावसाळाभर व्हरांड्यात. खालच्या बासनांना वाळवी लागली. कन्नड वचनांच्या (वीरशैव संतांच्या उक्तींच्या) एका पोथीची शेवटची पानं गेली, म्हणजे लेखनाची माहिती देणारी पुष्पिकाच गेली. लेखनिक कोण, शक कोणता, आता कोण सांगणार? त्या कार्यालयावरचा राग अजून उतरलेला नाही.

म्हणून किमतीसाठी थांबू नका. देणगीदाराचं सहीचं पत्र आजच घ्या, दाखल नोंदवहीत 'देणगी' लिहा, नाममात्र 1 रुपया टाका आणि दाखलांक द्या. आमचं शेवटी असंच मार्गी लागलं. तुमच्या संस्थेचे हिशेबाचे नियम वेगळे असू शकतात, लेखापालांना विचारून घ्या; मी त्यातला जाणकार नाही.

पेटीतलं सगळंच हस्तलिखित नसतं. शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली पोथी हुबेहूब हातची वाटते. शेवटचं पान बघा, बहुधा तिथेच छापखान्याचं नाव सापडतं. शक दिला असेल तर 78 मिळवा, साधारण इसवी सन निघतो.

वर्गांकाचं (विषयानुसार पुस्तकाला द्यायच्या आकड्याचं) म्हणाल तर ड्यूई दशांश वर्गीकरणात ख्रिस्ती धर्माला 220 ते 289 एवढी ऐसपैस जागा, आणि हिंदू धर्म सगळा 294.5 मध्ये कोंबलेला. त्यामुळे आकडे लांबतात: वैष्णव 294.5512, शैव 294.5513. तरी स्वतःचे आकडे बनवू नका, तुमच्या जागी उद्या येणाऱ्याचे हाल होतात. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची वचनं मात्र कन्नड काव्यात ढकलू नयेत, असं माझं ठाम मत आहे. गड्ड्याच्या, म्हणजे त्यांच्या यात्रेच्या दिवसांत ती मागायला येणारा माणूस धर्माच्या कपाटापाशीच जातो. आपल्या सोलापुरातून निघालेली जीवराज जैन ग्रंथमालाही विखरू देऊ नका, जैन धर्माच्या 294.4 पाशी एकत्र ठेवा.

आणि सुटलेल्या पानांना चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा डाग कायमचा राहतो. पेटी जमिनीवरून उचलून फळीवर घ्या, बासनांत वेखंडाच्या पुरचुंड्या घाला. एवढ्याला कुणाची मंजुरी लागत नाही.